वसंतराव तुमचे कोण?

दोन वर्षांपूर्वी आईला काशीला न्यायचं ठरवलं आणि मी मोबाईल घेऊन बसले. तिथे कुठे आणि कसं फसवतात, याचे डझनभर व्हिडिओ पाहिले. स्वभावच माझा संशयी. बाबा मला ‘चौकशी अधिकारी’ म्हणायचे.

स्टेशनवरून ई-रिक्षा गोदौलिया चौकापर्यंत येते, पुढे घाटापर्यंत पायीच. रिक्षावाल्याने दोनशे सांगितले, मी शंभरावर आणले आणि स्वतःवरच खूश झाले. सकाळी कचोरी-भाजी आणि गरम जिलबी चुकवू नका. गुडघे दुखत असतील तर अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्या जपून उतरा. आई माझ्या खांद्याला धरूनच उतरली.

वरच्या गल्लीत एका मराठी गुरुजींनी आमचं आडनाव आणि गाव विचारलं, आईने सांगितलं. यात्रेला येणारा प्रत्येक जण त्यांच्या वहीत स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहून जातो, पिढ्यान्‌पिढ्या. तासाभराने गुरुजी आम्हाला शोधत घाटावर आले.

“काकू, वसंतराव तुमचे कोण?”

“माझे यजमान. तीन वर्षं झाली जाऊन.”

“त्यांच्या हातचा लेख आहे आमच्याकडे. चला, बघून घ्या.”

आई उठलीसुद्धा. मी मध्ये पडले. “बाबा काशीला कधी आलेच नाहीत. आम्हीच सांगायचं आणि तुमची लगेच वही निघायची होय?”

“दक्षिणा नको, ताई. अक्षर ओळखा, बस. दोन मिनटं लागतील.”

“व्हिडिओत अगदी हेच दाखवलंय,” असं आईला सांगून मी तिचा हात धरला आणि निघाले. तिने दोनदा मागे वळून पाहिलं.

परतीच्या गाडीत, जबलपूर गेल्यावर, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांचं नाव आम्ही गुरुजींना सांगितलंच नव्हतं.

घरी येऊन काकांना फोन केला. “गेला होता की वसंता,” ते म्हणाले. “तुझ्या आजोबांच्या अस्थी घेऊन, लग्नाआधी. फार लागलं होतं त्याला. पुन्हा विषय काढला नाही कधी.” हाच फोन घाटावरून करता आला असता. अनोळखी माणसाच्या व्हिडिओवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला आणि समोरची वही उघडू दिली नाही. लाज वाटते मला.

‘पुढच्या वर्षी जाऊ’ म्हणत राहिले. तेवढ्यात आईची दृष्टी गेली. परवा तिला म्हटलं, “मी एकटी जाते, गुरुजींची माफी मागते, पानाचा फोटो आणते.”

“आण,” आई म्हणाली. “तूच वाचून दाखव. तू सांगशील ते मी खरं मानीन. तेव्हाही मानलंच होतं ना.”