आधी मीटर, मग तोंड

शिरोड्याच्या सुदेशचा उभा जन्म ट्रॉलरांचे वायरलेस संच दुरुस्त करण्यात गेला. हाताखालच्यांना त्याचा धडा एकच: आधी मीटर, मग तोंड. मोजल्याशिवाय दोष सांगणारा त्याला खपत नसे.

नम्रताच्या कोळंबीच्या तळ्यांसाठी त्याने एक डबा बनवला. आठ तळ्यांत खारेपणा मोजणारे आठ प्रोब, आणि त्यांतला एकेक निवडून बोर्डाला जोडणारी मल्टिप्लेक्सर चिप. काही दिवस बरं चाललं. मग चौथ्या तळ्याचा आकडा सातव्याच्या नावावर दिसू लागला. नम्रताने भलत्याच तळ्यात गोडं पाणी सोडलं. कोळंबी मेली.

"लवूनं प्रोब धुताना वायरी बदलल्या," सुदेश म्हणाला. मीटर पिशवीतच होता.

लवू तळ्यांचा रखवालदार. "मी वायरीक हात लावूक नाय."

"मगे राखणदारासमोर सांग."

बांधावरच्या राखणदार देवाच्या पाषाणावर, सगळ्या गड्यांदेखत, लवूने हात ठेवला. तरी नम्रताने त्याला कामावरून काढलं.

लवू गेला, पण आकडे चुकतच राहिले. तेव्हा कुठे सुदेशने मीटर काढला. बोर्ड चिपला हुकूम देत होता ३.३ व्होल्टने. चिपला त्याने पाच व्होल्ट जोडलेले, आणि पाचवर चालणाऱ्या त्या चिपला साडेतीनच्या वरचाच हुकूम खात्रीने कळतो. त्याखालचा कधी कळे, कधी नाही. मग ती भलतंच तळं निवडी. प्रोबांना पाच हवे, म्हणून त्याने चिपही त्याच वायरीवर टाकली होती. प्रोबांचा सिग्नल तीनच्या आत, चिपला ३.३ पुरले असते.

एक वायर सोडवून दुसरीकडे सोल्डर केली. आकडे जागेवर आले. एवढंच काम. त्याची कानशिलं तापली.

"डबा सुधारला" म्हटलं असतं, तर कोणी काही विचारलं नसतं.

सकाळी तो नारळ घेऊन लवूच्या दारात उभा राहिला. लवूची बायको सुशीला पुढे आली.

"आता कित्याक? आणखी खंय हात ठेवूक सांगतास?"

सुदेशने लवूला पाषाणाकडे यायला सांगितलं. लवू निघाला.

पाषाणासमोर गडी जमले, नम्रताही आली. सुदेशने नारळ पुढे केला.

"तो देवाक," लवू म्हणाला. "माका मीटर दाखवा."

सुदेशने डबा उघडला. बोर्डाचा हुकूम चिपला पोचतो त्या वायरीला मीटरची टोकं लावली. लवूने आकडा मोठ्याने वाचला, "तीन पॉइंट तीन. आता बोला, सुदेशभाऊ."

"वायरी लवूनं बदलूक नाय. हुकूम तीन पॉइंट तीनचो, आणि मी चिपेक पाच जोडलंय. चूक माझी. मी मोजल्याशिवाय बोललंय."

"लवू, आजपासूनच ये," नम्रता म्हणाली.

लवू तळ्याकडे वळला. सुदेश मीटरकडेच बघत राहिला.