कापलेला कोपरा

आफ्रिकेत राहून आलो म्हणून लोक मला जन्मभर सिंहाबद्दल विचारत आले. अमळनेरच्या बाजारात कोणी ना कोणी दंड धरायचेच. सिंह पाहिला का हो? मोंबासा शहर केवढे आहे? मी काहीबाही सांगून सुटका करून घेई. सिंहाने माझे काही वाकडे केले नाही. माझे वाटोळे केले वाळवीने, आणि उरलेले मी स्वतः केले.

जळगावला सरकी काढायच्या एका जिनात मी फिटर होतो. युगांडात कापसाचा नवा जिन उभा करायला माणसे हवी होती, म्हणून गेलो. जर्मनीबरोबरची पहिली लढाई संपून चार-पाच वर्षे झाली असतील. जिन उभा राहीपर्यंत मुक्काम तंबूत. जवळच्या तळ्यात पाणघोडे दिवसभर पडून असत. पहिला महिना भीतीत गेला, दुसऱ्या महिन्यात मजा वाटू लागली. एके दुपारी तंबूमागे हत्ती आला आणि आमचा केळीचा अख्खा घड फस्त करून शांतपणे निघून गेला. ते सगळे मी मायला मीठमिरची लावून कार्डावर लिहिले. ती निरक्षर होती, पण पोस्टमन वाचून दाखवी आणि ती तोंडाला पदर लावून हसे.

टपाल न्यायला माणूस आला तेव्हा पाहतो तो पेटीतल्या कार्डाचा एक कोपरा वाळवीने कुरतडलेला. दुसरे कार्ड नव्हते. वेडीवाकडी कड माझ्या फिटरच्या डोळ्यांना खुपली. मी पट्टी लावली, चाकू घेतला आणि तो कोपरा सरळ कापून टाकला. काम नेटके झाले म्हणून मला बरेही वाटले.

आमच्याकडे कार्डाचा कोपरा कधी फाडतात, हे लहान मुलालासुद्धा माहीत असते. मेल्याची बातमी असली की. असे कार्ड घरात ठेवत नाहीत. फाडून टाकायचे आणि अंघोळ करायची. हत्ती आणि पाणघोड्यांच्या नादात मी ते साफ विसरलो होतो.

तीनेक महिन्यांनी जिनच्या गोऱ्या साहेबाच्या नावाने मराठीत लिहिलेले एक पत्र आले. साहेबाने ते माझ्याच हातात दिले आणि वाचून सांग म्हणाला. माझ्या भावाने गावच्या मास्तरांकडून ते लिहवून घेतले होते: माझा भाऊ कशाने गेला, शेवटी त्याच्या तोंडात कोणी पाणी घातले का, अग्नी कोणी दिला, तेवढे कळवावे. कार्ड आले तेव्हा माय एकटीच घरी होती. पोस्टमनने कोपरा पाहिला आणि न वाचताच, मान खाली घालून निघून गेला. परदेशी तिकीट पाहून मायने कार्ड कोणाचे ते ओळखले, फाडले आणि नदीत सोडले. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांच्या घागरींबरोबर माझ्याही नावाची घागर भरली. माय अन्नाला शिवत नाही, असे शेवटी लिहिले होते. मी अर्थ सांगितला तेव्हा साहेब पोट धरून हसला. त्याचा गळा धरावा असे मला वाटले.

रेल्वेच्या गावी पोहोचताच घरी तार केली: मी जिवंत आहे, निघालो. मग मोंबासा. बोटीत जागा नव्हती. अकरा दिवस थांबावे लागले. लोक विचारतात ते शहर मी असे पाहिले. सकाळी बोटीच्या कचेरीत जायचे, नकार ऐकायचा आणि ऊन उतरेपर्यंत चालत राहायचे. समुद्राकाठचा जुना किल्ला, नक्षीच्या दरवाजांचे अरुंद बोळ, पेल्या वाजवत कॉफी विकणारे अरब. प्रत्येक दारापाशी मला आमचेच दार दिसे. एकदा भर रस्त्यात मी रडलो. कॉफीवाल्याने न विचारता पेली पुढे केली. ती पिऊन मी पुन्हा कचेरीत गेलो आणि हात जोडले. त्या दिवशीही जागा नव्हती.

बोट मिळाली, मुंबई गाठली, गाडीने अमळनेर. स्टेशनावर भाऊ होता. त्याचे डोके भादरलेले होते. मी वळकटी खाली टाकली.

तार वेळेवर पोहोचली होती. मास्तरांनी ती मायला तीनदा वाचून दाखवली. ती म्हणाली, "माले फसाडू नका. जित्ता माणूसनी तार येस का कधी?" आमच्या गावात तोवर मरणाशिवाय तार आलेली नव्हती. सगळे माझी समजूत घालताहेत, असेच ती धरून बसली. मला डोळ्यांनी पाहिले असते तरच तिने मानले असते. मी पोहोचायच्या पाच दिवस आधी ती गेली.

नातेवाइकांना कळवायचे राहिले होते. अक्षर चांगले म्हणून काम माझ्याकडे आले. धुळ्याला, देवपूरला, पिंपळनेरला मामाकडे. कार्डे लिहून झाली. आमचे चुलते आबा म्हणाले, "कोपरा फाड रे." मी कार्ड हातात घेतले आणि माझ्याने होईना. आबांना फाडतो म्हणालो आणि कार्डे तशीच, चारही कोपरे शाबूत, टपालाच्या पेटीत टाकली.

मामालाही वाचता येत नव्हते. माझी तार आल्याचे मात्र त्याला कळले होते, आणि शाबूत कोपऱ्यांचे कार्ड पाहून त्याने खुशालीच धरली. चौथ्या दिवशी त्याची बैलगाडी गल्लीत शिरली. मामाने डोक्याला नवा फेटा बांधला होता, काखेत बहिणीसाठी कोरे लुगडे. गाडीतून उतरायच्या आधीच, मी परत आलो या आनंदात, तो हसत ओरडला, "अक्का, कोठे शे वं? तुना पोऱ्या उना ना!"

मी दारात उभा होतो.