वर कोणीतरी हवं

आमच्या घरात बाथरूमचं दार लागलं की थोड्या वेळानं पप्पांची हाक येते. नुसतं नाव. आतून ‘ओ’ म्हणायचं, मग ते जातात. पाण्याच्या आवाजात ओ ऐकू गेली नाही तर दुसरी हाक मोठी येते आणि तिसरीच्या आधी दारावर थाप. सगळ्यांच्याच घरी असं असतं, असं मला वाटायचं. बीडला इंग्लिश शाळेच्या होस्टेलवर गेले तेव्हा कळलं, नसतं. तिथं पहिले काही दिवस अंघोळ करताना मी उगीच थांबून वाट बघायचे.

मी कमी बोलते. त्यात मोठ्यानं ओ देणं तर मला अजून जमत नाही. हाक आली की आधी अंगावर काटा येतो, मग आवाज निघतो.

हल्ली मी वडवणीजवळच्या आमच्या गावातूनच काम करते, पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरांचे नकाशे काढते. पप्पांचं वडवणीत पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान आहे. मध्यंतरी गावांवरून ड्रोन फिरतात अशी आवई उठली. मग टीव्हीवर युद्ध आलं, सायरन, दिवे घालवायच्या तालमी. लोक चार दिवस बोलले आणि आपापल्या कामाला लागले. पप्पा लागले नाहीत. एका सकाळी माझ्या लॅपटॉपशेजारी चहाचा कप ठेवून म्हणाले, “मला एक खोली काढून दे. जमिनीखाली.”

“तळघर?”

“तळघर न्हाई. वर काही झालं तर दार लावून खाली राहता आलं पाहिजे.”

मी व्हिडिओ शोधले. परदेशातली माणसं अंगणात लोखंडी खोल्या पुरत होती, आत डबे रचत होती, हसत होती. पप्पा शेजारी बसून आवाज बंद करून बघायचे. दर व्हिडिओला त्यांचा प्रश्न एकच असायचा, “ह्याला हवा कुठून येती?”

जागा मी सुचवली होती अंगणाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात. तिथं उंचवटा आहे, पाणी थांबत नाही.

“तिथं न्हाई,” पप्पा म्हणाले. “तिथं भराव हाय.”

त्या कोपऱ्यात आम्ही कधी साधी दोरी बांधून कपडेही वाळत घातले नाहीत. तिथं पूर्वी पेव होतं, ते बुजवलं, एवढं मला माहीत होतं. पेव म्हणजे जमिनीतला धान्याचा खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं, वर दगड. माझी आजी त्या पेवात गेली, हे एक वाक्यही माहीत होतं. त्याच्या पुढचं कोणी बोलत नसे. आजीचा फोटोही घरात नाही.

मग पश्चिमेला खोदकाम सुरू झालं. आधी काळी माती, मग पिवळा मुरूम, मग मशिनला घाम फोडणारा खडक. कुंपणापाशी गावातले लोक जमायचे.

“काय बे, माजलगावच्या धरणात निघतोस काय खालून?” पप्पांचे एक मित्र विचारायचे.

“निघलो तर तुला मासे आणतो.”

“मासे ऱ्हाऊ दे. हंडा घावला तर सांग म्हंजे झालं.”

हंड्याची गोष्ट बघता बघता पसरली. एका सकाळी खड्ड्याच्या काठाला हळद-कुंकू लावलेलं लिंबू ठेवलेलं होतं. मम्मीनं ते खराट्यानं उडवलं आणि हात दोनदा धुतले.

भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब पडला. पप्पांनी दुकानातून आणलेल्या पाइपांची रास बघून गवंडी म्हणाला, “मालक, ह्यात माणसं ठिवायची का वारं?” पप्पा हसले, पण एकही पाइप कमी केला नाही. मम्मीनं ज्वारीची पोती खाली ठेवायची म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला.

“खाली दाणा न्यायचा न्हाई.”

“मग खायचं काय? पाइप?”

“बिस्किटं न्या. खजूर न्या. दाणा न्हाई म्हणलं ना.”

आतला नकाशा काढताना ते माझ्या मागे उभे होते. मी झोपायचे तीन कट्टे काढले. पप्पांनी स्क्रीनवरच्या तिसऱ्या कट्ट्यावर बोट घासलं, पाटीवरचं पुसावं तसं.

“हा कोणाचा?”

“तुमचा.”

“मी वर ऱ्हाणार. वर कोणीतरी लागतं.”

मम्मी दारात होती. तिनं शांतपणे विचारलं, “म्हंजे बॉम्ब पडला तर तुमी वर, आन् आमी खाली बसून काय तुमची वाट बघायची?”

पप्पा पुन्हा स्क्रीनवर बोट घासू लागले.

“तुमी उतरणार नसाल तर मीबी उतरणार न्हाई. बुजवून टाका ते.”

ती हे बोलली तशीच वागली. खड्ड्याकडे फिरकायची बंद झाली. पप्पांशीही कामापुरतंच बोलायची. मला त्या दिवसांत युद्धाची भीती वाटत नव्हती. वाटायचं ते हे, की खरंच काही झालं तर हे दोघं वर अंगणात उभे राहतील आणि खालची खोली रिकामी राहील.

बाकीचं मला मम्मीनंच सांगितलं, शेंगा फोडताना. ती त्या वेळी या घरात नव्हती, तिनंही हे आत्याकडून ऐकलेलं. पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं. आत कोंडलेल्या धान्यानं हवा खाल्लेली असते. दगड काढून ठेवायचा, मग दोरीनं दिवा सोडायचा. दिवा विझला तर थांबायचं. त्या दिवशी पाहुणे आलेले, ज्वारी हवी होती. दिवा सोडलाच नाही. आजी उतरली. पप्पा शाळेच्या वयाचे, तोंडाशी बसलेले. वरच्यानं हाक मारत राहायचं आणि खालच्यानं ओ देत राहायचं, अशी रीत.

“हे ‘आई’ म्हणून हाक मारायचे, ती ओ म्हणायची,” मम्मी म्हणाली. “मग न्हाई आली ओ. दोरी टोपल्याला हुती. तिच्या कमरंला न्हवती.”

तिनं टरफलं गोळा केली. “ते हाका मारीत बसले. कुणाला बोलवायचं त्यांना सुचलंच न्हाई. लहानच हुते.”

खोली पुरी झाली. गवंड्याला जो नकाशा मी दिला त्यात तिसरा कट्टा तसाच होता. तो बांधला गेला आणि पप्पांनी तो काढायला लावला नाही. एका दुपारी ते मला म्हणाले, “एकदा बसून बघ. झाकण लावतो. मी पाइपापाशी हाय.”

मी शिडीनं उतरले. ओल्या सिमेंटचा आणि चुन्याचा वास. झाकण बसलं तसा बाहेरचा सगळा आवाज कापला गेला, आणि मग पाइपातून माझं नाव आलं. ओ म्हटलं. पुन्हा नाव. पुन्हा ओ. हाका जवळजवळ येऊ लागल्या, शेवटी शेवटी तर माझी ओ संपायच्या आत पुढची. मी वर आले तेव्हा पप्पांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

मी म्हणाले, “आता तुम्ही. मी हाक मारते.”

त्यांनी मम्मीकडे पाहिलं. ती कणकेच्या हातांनी ओसरीवर आली होती. पप्पा घरात गेले, देवापुढचा दिवा घेऊन आले, दोरीला बांधून खाली सोडला. एवढे पाइप असूनही. बराच वेळ ते ज्योत बघत राहिले. मग शिडीकडे तोंड न करता, ते आमच्याकडे ठेवून अवघडपणे उतरले. झाकण मी लावलं.

“पप्पा.”

“ओ.”

“मोठ्यानं मार,” मम्मी म्हणाली.

“पप्पा.”

“ओ.” पाइपातून आवाज बारीक होऊन येत होता, त्यांचा वाटत नव्हता.

असं बऱ्याचदा झालं. मग मी हाक मारली आणि ओ आली नाही. पुन्हा मारली. माझी नजर आपोआप पूर्वेच्या कोपऱ्याकडे गेली. ऊन होतं तिथं, बाकी काही नव्हतं. तिसऱ्यांदा मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात ओरडले नव्हते. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. मम्मीनं कणकेच्या हातांनीच झाकण ओढून काढलं.

पप्पा तिसऱ्या कट्ट्यावर बसलेले होते. पाइपाच्या बरोबर खाली, डोकं भिंतीला टेकवून. दिवा जळत होता.

“ओ का नाही दिली?” माझा आवाज फाटला होता.

“ऐकत हुतो,” ते म्हणाले. मग, कोणी विचारलं नसताना, “खाली लई साफ ऐकू येतं गं. हाकेच्या आधी तू दम घेतीस, त्योबी येतो.”

मम्मी खोलीच्या तोंडाशी, काठावर बसली. मग वळून, एकेक पायरी चाचपत, ती खाली उतरली.

आता बाथरूमच्या दाराशी हाक येत नाही. पप्पांनी ती कधी बंद केली, हे कोणी बोललं नाही. मी नळ बंद करते आणि थांबते. पलीकडे काहीच नसतं. मग मी हळूच ओ म्हणते.