रोज सहाला होणारे भांडण

माझ्या सेवेतील हे सर्वांत लहान नोंदीचे प्रकरण. त्यात फिर्यादी नव्हता आणि अखेर गुन्हाही निघाला नाही. तरी ते अजून मनातून गेलेले नाही.

शहरात तणावाचे दिवस होते. कसबा बावड्याकडील एका गल्लीतून ठाण्यात फोन आला. "साहेब, गवळी आन् रिक्षावाला रोज सहाला भांडत्यात. एखाद्या दिवशी डोस्की फुटत्याल की!" गवळी हिंदू, रिक्षावाला मुसलमान, घरे भिंतीला भिंत लागून. ठिणगीला एवढे पुरे होते. प्रतिबंधक कारवाईचे कागद तयार करायला सांगून मी दोघांना बोलावले.

जबाब वेगवेगळ्या खोल्यांत घेतले. दोघांनी कारण एकच सांगितले: सांडपाणी. शिव्याही त्याच आणि त्यांचा क्रमही तोच. येथे मी थबकलो. खरे भांडलेले दोघे भांडणाची वेळसुद्धा एक सांगत नाहीत. शिव्यांत आई नव्हती, धर्म नव्हता. इतकी जपून केलेली शिवीगाळ मी कधी ऐकली नव्हती.

गवळ्याला म्हणालो, "उद्या त्याची रिक्षा जमा करतो."

तो ताडकन उठला. "उद्या नगं साहेब! उद्या मंगळवार हाय."

"मंगळवारी काय?"

तो दाराकडे पाहू लागला. रिक्षावाल्याला आत घेऊन तोच प्रश्न केला. त्याने गवळ्याकडे पाहिले. "सांगा की मामा. आता काय झाकायचं?"

गवळ्याच्या पत्नीचे मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस असे. ने-आण पहिल्यापासून याच रिक्षातून. तणाव वाढल्यावर दोन्हीकडचे तरुण दारात येऊन बजावून गेले: संबंध तोडा, नाहीतर रिक्षा फोडू. तेव्हा संबंध तुटल्याचे गल्लीला रोज ऐकवायचे, असे दोघांनी ठरवले. बाई दोन गल्ल्या चालत जाऊन रिक्षात बसत.

"शिव्या मीच काढतो साहेब," रिक्षावाला म्हणाला. "मामास्नी नवी एक सुचत न्हाय."

"गप रं! घसा माझा बसलाय."

धमकावणाऱ्यांची नावे विचारली. "गल्लीतलीच हायत साहेब. ऱ्हावू दे," गवळी म्हणाला. दुसऱ्यानेही नावे दिली नाहीत.

कारवाई केली असती, तर रिक्षा अडकली असती. काहीच केले नसते, तर गल्लीला संशय आला असता. त्याच संध्याकाळी दोघांना गल्लीत उभे करून सर्वांदेखत दम दिला. खिडक्या भराभर उघडल्या. दोघे मान खाली घालून उभे होते. नोंदवहीत लिहिले: समज देऊन सोडले.

मंगळवारी साध्या वेशातील एक हवालदार मागावर ठेवला. त्याने कळवले, बाई चालत आल्या, रिक्षावाल्याने त्यांच्या हातातली पिशवी घेतली, रिक्षा सुखरूप दवाखान्यात पोहोचली.

माणूस वैर लपवतो, हे गृहीत धरून मी आयुष्यभर तपास केला. माणसाला शेजारधर्मही लपवावा लागतो, हे त्या दोघांकडून कळले. त्याचे कौतुक मी अनेकदा ऐकवले आहे. एक गोष्ट मात्र सांगायची टाळत आलो: त्यांना शेजारधर्म लपवावा लागला, तेव्हा त्या हद्दीचा अधिकारी मी होतो.