अफूच्या आधीचा प्रश्न

ऐंशी सालच्या सुमारास मी भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात पुरुष वॉर्डाची सिस्टर होते. सहा नंबरच्या खाटेवर मांडीचं हाड मोडलेला एक म्हातारा शेतकरी होता. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी अफूची गोळी खाणारा. ती एकदम तोडली तर हा वजनाला बांधलेला पाय सोडवून घरी पळेल, म्हणून डॉक्टरांनी गोळीऐवजी अफूच्या अर्काचे मोजके थेंब लिहून दिले. माझ्या यादीत ते सहा वाजता असत.

तिसऱ्या संध्याकाळी त्याने तोंडच मिटून घेतलं. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात थरथरत होते, तरी घेईना.

"काहून घेत नाही बाबा? पळाले तर पाय वाकडा जुळंल न!"

"दवा चांगली हाय बाई. पर तुमी पाजता अन् चालल्या पुढच्या खाटेवर. माही घरवाली गोळी मुठीत धरून पयले इचारे, आज दिवसभर का केलं? सांगितल्याबिगर देतच नोती. पोलिसावानी!" तो हसला. "मागच्या साली पोळ्याले गेली. तवापासून कोनी इचारलं नाही."

गोळीच्या जागी डॉक्टरांनी थेंब दिले होते. गोळीआधीच्या त्या प्रश्नाची जागा रिकामीच राहिली, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. अजून अकरा खाटा उरल्या होत्या. मी यादी खिशात घातली आणि स्टूल ओढून बसले.

"आज दिवसभर का केलं, बाबा?"

त्याने डोळे मिटले. "बांधीवर गेलतो. धान पोटरीवर आलं हाय." मग हळूच म्हणाला, "पानी बराबर हाय. तू फिकर नको करू."

आणि त्याने तोंड उघडलं.