‘दम धर’ म्हणणारे शेवाळे सर

पडदा वर जातो आणि समोर दिसतं एक मैदान. मैदान कसलं, खाडीत भराव टाकून वर रोलर फिरवलेली पांढुरकी जमीन. मिठाचा वास अजून न गेलेली. मागे नेरूळच्या अर्धवट उभ्या इमारती, खिडक्यांच्या जागी नुसती चौकोनी भोकं. डाव्या विंगेत तिवरांची झाडी, तिच्याआड कोळीवाड्याची कौलं. साल एकोणीसशे शहाऐंशी, महिना जानेवारी, सकाळचे साडेसात. मधोमध एक माणूस उभा आहे. पांढरी हाफ पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेली शिटी, हातात काच तडकलेलं स्टॉपवॉच. हे अरविंद शेवाळे, शाळेचे पी.टी.चे सर. फक्कीने आखलेल्या वर्तुळाच्या मधोमध ते उभे राहतात आणि तिथून हलत नाहीत.

हलत नाहीत, कारण हलता येत नाही. शेवाळे सरांना दमा होता, आणि ही गोष्ट त्यांची बायको अरुणा सोडली तर कुणालाच ठाऊक नव्हती.

सर मूळचे कोरेगावकडचे. सतराव्या वर्षी जिल्ह्याच्या शर्यतीत उतरले ते पहिल्या फेरीला सगळ्यांच्या पुढे, आणि तिसऱ्या फेरीला गवतावर आडवे. त्यांचे मास्तर वाकून म्हणाले होते, “अरे, जरा दम धरायचा होतास.” एवढं एकच वाक्य ते गावाहून घेऊन आले. शहात्तर साली इकडे नोकरी लागली. राहायला खोली मिळाली महाप्याला, दगडखाणींच्या वाऱ्यावर. दोन हिवाळ्यांत छाती शिट्टी वाजवायला लागली. पी.टी.च्या मास्तराला दमा हे कळलं तर पद जाईल, या भीतीने त्यांनी गोळ्यांची पुडी मोज्यात लपवली आणि धावणं सोडलं. पोरं धावायची, सर मध्ये उभे राहून ओरडायचे, “दम धर! दम धर!” पोरांनी त्यांचं नावच पाडलं होतं, दमधर सर.

आणि मग आली मैना.

मैना आठवीत, तेरा वर्षांची. वडील रोहिदास खाडीत मासेमारी करणारे, आई चंद्राबाई टोपली घेऊन वस्तीवर फिरणारी. चिखलात निवटी माशांमागे पळून पळून पोरीचे पाय असे झाले होते की साठ मीटरला नववीचे मुलगेसुद्धा तिच्या वेणीचं टोक बघत राहायचे. पाण्याखाली जाळं अडकलं की बाप तिलाच खाली पाठवायचा. “माझा बाबा ऐंशी मोजतो तवर मी खाली रेते, सर,” ती एकदा ऐटीत म्हणाली होती. सरांनी ऐकलं, हसले आणि विसरले. पुढे ते वाक्य त्यांना फार महागात पडायचं होतं.

त्या वर्षी पुण्याहून पत्रक आलं. एका निवासी शाळेत धावणाऱ्या मुलींसाठी दोन जागा. राहणं, जेवण, शिक्षण सगळं शाळेकडे. चाचण्या दोन. साठ मीटर, आणि बारा मिनिटांची दौड. बारा मिनिटांत दोनशे मीटरच्या अकरा फेऱ्या व्हायलाच हव्यात.

साठ मीटर हा एका श्वासाचा खेळ. घेतलेल्या दमावर पोर निघून जातं, श्वास नंतर घेता येतो. बारा मिनिटांचं तसं नाही. तिथे श्वास घेत घेतच जावं लागतं. पहिल्यात मैना वीज होती. दुसऱ्यात चौथ्या फेरीला तिचे ओठ निळे पडायचे आणि ती मटकन खाली बसायची.

“हिला स्टॅमिनाच नाही,” सर अरुणाबाईंना सांगत. “अजून पळवली पाहिजे.”

आणि त्यांनी पळवली. रोज सकाळी, शाळा सुटल्यावर पुन्हा. “दम धर, मैने! दम धर!” आश्चर्य असं की जितकं ओरडावं तितकी पोर लवकर पडे. चौथ्या फेरीची तिसरी झाली. पत्रकाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘लांब धावताना मुलाला बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर काहीतरी चुकतं आहे.’ सरांनी ते वाचलं आणि कागद घडी करून खिशात घातला. धावताना गप्पा कसल्या?

एक दिवस चंद्राबाई टोपली घेऊनच मैदानावर आली.

“मास्तर, माझी पोर मासली हाय. तिला कोरड्यावर कनाला पलवताव?”

“चंद्राबाई, पुण्याला जाईल ती. शिकेल.”

“आनि परली तं?” बाईंनी टोपली खाली ठेवली. “खारीत भराव परला, मासली गेली. एक आमदानी कमी हाय घरात. यंदा नाय झाला, तं पोर शाला सोरंल आनि टोपली घेईल. मंग मना बोलू नका.”

मैना फक्कीच्या रेषेवर अंगठ्याने माती उकरत उभी होती.

प्रवेश दुसरा. फेब्रुवारी, वाशीचं मैदान, दुपारचे दोन. पुण्याहून जीपने आलेल्या सुमेधाबाई टेबलाशी बसल्या होत्या. आवाज कडक, डोळे मायाळू. साठ मीटरला मैना पहिली आली; सुमेधाबाईंनी घड्याळ दोनदा पाहिलं. मग बारा मिनिटांची शिटी झाली. सर मधोमध उभे. “दम धर, मैना!” पहिली फेरी झाली, दुसरी झाली. “दम धर!” तिसऱ्या फेरीच्या वळणावर पोर कोलमडली, तोंडावरच पडली.

सर चालत गेले. धावत जाता आलं नाही. तिच्याजवळ बसले तेव्हा ती तोंड उघडून हवा ओढत होती, पाण्यातून वर आल्यावर ओढतात तशी. हनुवटीवर रक्त आणि फक्की.

“अगं, किती वेळा सांगितलं, दम धर म्हणून!” सरांचा आवाज फाटला.

मैनेने त्यांच्याकडे पाहिलं. रडत रडत, पण रागाने म्हणाली, “धरलेला ना! तुमी बोल्लाव तसा धरलेला. तुमी ओरारलाव का परत धरायची. सोरलाच नाय मी!”

सरांना आधी कळलंच नाही. “काय धरलंस?”

“दम!” तिने गाल फुगवले, ओठ मिटले आणि नाकावर बोट ठेवलं. “बाबा बोलतो तसा. दम धर आनि खाली जा.”

महिनाभर ‘दम धर’ म्हणताना सरांना म्हणायचं होतं, सबुरीने घे, सावकाश घे. आणि महिनाभर ती पोर, गुरूचा शब्द म्हणून, श्वास कोंडून पळत होती. जितकं ते ओरडले, तितका तिने गळा आवळून धरला. एक दिवस, फक्त एक दिवस ते तिच्या बाजूने धावले असते, तर तिची छाती हलत नाही हे त्यांना दिसलं असतं.

सर उठले आणि टेबलाशी गेले. “बाई, हिला पुन्हा एकदा. मुलांच्या बॅचमध्ये. पाया पडतो.”

“सर, आत्ता पडलीय ती.”

“चूक माझी आहे, बाई. तिची नाही.”

सुमेधाबाईंनी मैनेकडे पाहिलं. ती एव्हाना उठून बसली होती, हनुवटी पुसत मुलांच्या बॅचमधला कोण कसा पळतो ते बघत होती. “मुलं लवकर सावरतात,” बाई म्हणाल्या. “आपल्यासारखी नसतात. अर्ध्या तासाने, शेवटची बॅच. पण पुन्हा पडली तर नाव खोडणार.”

अर्ध्या तासात महिन्याची सवय कशी मोडायची? सांगून जमेना. तिने मान डोलवावी आणि धावायला लागताच ओठ मिटावेत. तेव्हा सरांना खिशातला कागद आठवला. बोलता आलं पाहिजे. बोलणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही.

शिटी झाली तेव्हा शेवाळे सर वर्तुळाच्या मधोमध नव्हते. ते रेषेवर होते, मैनेच्या बाजूला.

“मैने, तुझ्या खाडीत मासे कुठले? सांग मला.”

“आता?”

“आताच. धावत धावत. थांबलीस बोलायची तर बघ.”

“बोंबील,” मैना म्हणाली. “मांदेली. बोय. निवटी.”

“मला कोरेगावच्या माणसाला काय कळतं? निवटी कशी असते?”

“चिखलान उऱ्या मारते, सर! तुमच्यासारखी!”

मुलं त्यांच्या पुढून गेली. “दमधर सर पळतायत रे!” कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. सर पळत होते. आठ वर्षांनी पळत होते. दुसऱ्या फेरीला छातीत शिट्टी सुरू झाली, तिसरीला ती मैनेलाही ऐकू आली. चौथी गेली, पाचवी गेली. पोरीच्या ओठांना रंग होता. “जितारा... शिंगाला... घोल...” प्रत्येक नावाला एक श्वास आत, एक बाहेर. सहाव्या फेरीला सरांचा चेहरा राखेसारखा झाला, आणि सातवीच्या वळणावर ते गुडघ्यांवर आले.

मैना थांबली. मागे वळली. “सर!”

पुढचं आधी सांगून टाकतो. मैनेच्या अकरा फेऱ्या पुऱ्या झाल्या, बारा मिनिटांना जेमतेम दहा सेकंद उरले असताना. यादीत ती तिसरी आली, आणि जागा दोनच. दुसऱ्या मुलीच्या घरच्यांनी पोरीला एवढ्या लांब पाठवायला नकार दिला, म्हणून जूनमध्ये चंद्राबाई लेकीला पुण्याला सोडून आली. सरांना मैदानावरूनच सुमेधाबाईंच्या जीपमधून दवाखान्यात नेलं होतं. अरुणाबाई उशाशी बसून होत्या. तोंडात नळी होती. फेऱ्या पुऱ्या झाल्याचं त्यांनी कानाशी सांगितलं, तेव्हा सरांनी बोटं उघडून दाखवली, आधी दहा, मग एक. बोलता आलं नाही. तिसऱ्या दिवशी ते गेले. वय बेचाळीस.

म्हणजे त्यांचं अखेरचं बोलणं झालं ते मैदानावरच, त्या वळणावर. पोर थांबलेली, सेकंद चाललेले, सर फक्कीच्या रेषेवर हात टेकून. छातीत जी काही हवा शिल्लक होती ती सगळी त्यांनी एका वाक्यावर खर्च केली. आयुष्यभराचा तो शब्द त्या वाक्यात नव्हता.

“बोल, मैने... घोळीच्या पुढचा मासा कुठला?”