लिंबाजीकाकांचं दस्कत

लग्नपत्रिका पूर्ण वाचणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे लिंबाजीकाका. लोक पत्रिकेत तारीख आणि जेवणाची वेळ बघतात. काका वरच्या त्रिशरणापासून खालच्या छापखान्याच्या नावापर्यंत ओळीखाली बोट धरून वाचत. औषधाच्या पाकिटावरचं बारीक अक्षर, एसटीच्या तिकिटाची मागची बाजू, काही सोडत नसत. आणि सही करायची असेल तर मग बघायलाच नको.

आमची पहिली भेट अशाच एका सहीपायी झाली. मुदखेडजवळच्या त्या गावात मी नुकताच शिक्षक म्हणून रुजू झालो होतो. नांदेडहून सकाळच्या गाडीने यायचं आणि दुपारच्या गाडीने परतायचं. पालकसभेचं रजिस्टर मी सगळ्यांपुढे फिरवलं, सगळ्यांनी भराभर सह्या केल्या. नातवाचे पालक म्हणून आलेल्या काकांनी मात्र रजिस्टर मांडीवर घेतलं आणि मागची चार पानं वाचून काढली. मग विचारलं, "गुरुजी, इथं निम्मं पान खाली काऊन सोडलं?" मी म्हटलं, सभेचा वृत्तांत नंतर लिहीन. "मंग दस्कत बी नंतरच करतो," असं म्हणून ते मला वृत्तांत लिहायला लावून समोर बसून राहिले. माझी दुपारची गाडी गेली. त्या दिवशी मला त्यांचा रागच आला होता.

काका रेल्वेत चावीवाला होते. खांद्यावर हातोडा घेऊन रोज पाच-सहा किलोमीटर रुळांवरून चालायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या की ठोकायच्या, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. वाचायचा नाद तिथूनच लागला असं ते सांगत. "फुडं रूळ खराब असला की टेसनावर डायवरला कागद देत्यात, गाडी हळू ने म्हनून. डायवर वाचतो, मंग दस्कत करतो. न वाचता केलं आन गाडी पडली, तर कुनाला विचारावं?" कागदावर कोरी जागा दिसली की ते तिच्यावर तिरकी रेघ मारत. हळूहळू सगळ्या बौद्ध वस्तीला सवय झाली. कोणताही कागद आला की आधी काकांकडे. काकांची सही झाली म्हणजे कागद वाचला गेला, असं लोक धरून चालत.

मग तो दुष्काळ आला. सलग दोन वर्षं पावसाने पाठ फिरवली, गावातली बोअर एकेक करून आटली आणि टँकर सुरू झाले. त्याच वर्षी गावात दोन गोष्टींची चर्चा होती, नव्या जिल्ह्याची आणि सुक्या बंदराची. रेल्वेलाइनीला लागून असलेल्या माळावर मालाचे मोठमोठे डबे उतरवायचे, जकातीची तपासणी इथेच उरकायची आणि तिथून गाडीने थेट मुंबईच्या जहाजावर. त्याला सुकं बंदर म्हणतात, असं सरपंचांनी सांगितलं. "प्यायला पानी न्हाई आन बंदर यायलंय," म्हणून बायका टँकरपाशी हसायच्या. पण पोरं हसत नव्हती. पोरांना पुण्या-हैदराबादला जायचं नव्हतं. ज्यांची सातबाऱ्यावर जमीन होती त्यांना मोबदला दिसत होता. सरपंच म्हणत, उद्या नवा जिल्हा झाला तर बंदरासकट आपलं गाव त्यात मोठं होईल.

अडचण वस्तीची होती. माळाचा मोठा भाग गायरान होता आणि वस्तीतली बेचाळीस घरं दोन पिढ्यांपासून ते कसत होती. ज्वारी, तूर, थोडा कापूस. नावावर मात्र कुणाच्याच नव्हतं. बंदर आलं तर जमीन जाणार, आणि कसणाऱ्यांची कागदोपत्री नोंदच नसल्यामुळे बदल्यात काहीच मिळणार नाही, हे उघड होतं.

लोकांना वाटे की काका बंदराच्या विरोधात आहेत. तसं नव्हतं. जन्म रेल्वेत गेलेला माणूस, मालगाड्यांचं त्यांना प्रेमच होतं. चावडीपुढे वाद पेटला की ते शेवटी बोलत आणि नेहमी तेच बोलत: "येऊ द्या बंदर. पन पयले आमी हाय म्हनून लिवा. मंग उठवा." पोरं चिडायची, सरपंच मान डोलवायचे. लिहीत कुणीच नव्हतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला बरं वाटत नाही. चैत्रात टँकर चार दिवस आला नाही. सरपंचांनी मला बोलावून, अक्षर चांगलं म्हणून, टँकर वाढवून मागणारा अर्ज लिहायला सांगितला. मी लिहिला. सह्यांचे कागद वेगळे होते आणि त्यातल्या पहिल्या कागदाचं वरचं निम्मं पान कोरं होतं. मी ग्रामसेवकाकडे बघितलं. तो म्हणाला, "मजकूर नंतर टाकतो, सर." बंदराचा ठराव आठ दिवसांत पाठवायचा आहे, हे सरपंच आदल्याच दिवशी शाळेत माझ्यासमोर बोलले होते. मला दोन आणि दोन चार कळत नव्हतं असं नाही. पण सरपंचांशी वाकडं घेऊन त्या गावात नोकरी कशी करायची, हेही मला कळत होतं.

पाचव्या दिवशी टँकर आला. घागरींची रांग देवळापर्यंत गेली होती. आधी सह्या, मग पाणी, असं ग्रामसेवकाने जाहीर केलं. काका कागद हातात घेऊन चष्मा शोधू लागले. मागून बाया ओरडत होत्या, कुणाचं तरी लेकरू उन्हाने भोवळ येऊन खाली बसलं होतं. काकांनी त्या लेकराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "गुरुजी, तुमी वाचलंय का?"

"हो काका," मी म्हणालो. "मीच लिहिलंय."

त्यांनी सही केली, कोऱ्या जागेवर रेघ न मारताच. त्यांच्या मागे वस्तीतल्या सगळ्यांनी केली.

दोन महिन्यांनी मुदखेडला जनसुनावणी झाली. बाहेर पोरांनी बंदराच्या बाजूने घोषणा दिल्या, आत अधिकाऱ्यांनी ग्रामसभेचा ठराव वाचून दाखवला. सदर गायरान पडीक असून त्यावर कोणाचीही वहिवाट नाही, बंदरास ग्रामसभेची हरकत नाही. खाली सह्या होत्या आणि पहिली सही लिंबाजीकाकांची होती. वस्तीतले लोक काकांकडे बघू लागले. काही जणांच्या तोंडून शिव्याही गेल्या. ज्या माणसावर विसंबून त्यांनी कधी कागद वाचला नव्हता, त्यानेच त्यांना विकलं असं त्यांना वाटलं.

काका उठले. "दस्कत माजं हाय, साहेब. पानी आलं होतं तवा टँकरचा कागद म्हनून केलं. वाचलं न्हाई."

"टँकरचा कागद आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

मी तिसऱ्या बाकावर होतो. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कुनी न्हाई. माजीच चूक," म्हणाले आणि खाली बसले.

चार दिवस मी वस्तीकडे फिरकलो नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. गयाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, घोटभर पाणी दिलं. त्या दिवसांत तेही खूप होतं. मी म्हटलं, "काका, माझं नाव घेतलं नाहीत, तुमचे उपकार आहेत."

"तुमच्यासाठी न्हाई घेतलं," काका म्हणाले. "गुरुजीनं फसवलं म्हनलो असतो तर वस्तीतलं एक लेकरू शाळेत आलं नसतं. तुमीच उठायला पायजे होतं."

मी तिथेच बसून तहसीलदारांच्या नावे जबाब लिहिला आणि त्यांच्या हातात दिला. काकांनी बोट धरून सावकाश वाचला. एका ओळीवर बोट थांबलं. "इथं लिवलंय, 'वरची जागा कोरी आहे याचे महत्त्व माझ्या लक्षात आले नाही.' खरं हाय का?"

मी ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'वरची जागा कोरी असल्याचे मी पाहिले होते आणि तिथे काय लिहिले जाणार याचा मला अंदाज होता.' काकांनी ते पुन्हा वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती आणि इतकं हलकंही.

त्या जबाबावरून चौकशी झाली, खरं काय ते वस्तीला कळलं, ठराव रद्द झाला आणि नवी ग्रामसभा घ्यायचा हुकूम आला. सरपंचांनी माझ्याशी बोलणं टाकलं. पोरं म्हणू लागली की म्हाताऱ्यामुळे बंदर गेलं. काकांनी ते सगळं ऐकून घेतलं. नव्या ग्रामसभेच्या तीन आठवडे आधी ते झोपेतच गेले. बंदराचं म्हणाल तर ते अजून कागदावरच आहे. कुणी म्हणतं येणार, कुणी म्हणतं दुसरीकडे हललं.

त्या ग्रामसभेत मात्र गायरान कसणाऱ्यांची यादी ठरावात घ्यायचं ठरलं आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी पहिलं नाव लिंबाजीकाकांचं घातलं. नवा ग्रामसेवक म्हणाला, मयताचं नाव चालणार नाही, ते काढा. वस्तीतले लोक उसळले. ज्याने हे सगळं केलं त्याचंच नाव नको, हे कसं? बराच वेळ गलका चालला. मग बायकांमधून गयाकाकू उठल्या. मी त्यांना सभेत बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"काढा की त्यांचं नाव," त्या म्हणाल्या. "ते तर तीस वरसं रुळावर होते. रान मीच कसत आले. माजं नाव लिवा."

पयले आमी हाय म्हनून लिवा, असं काका शेवटपर्यंत सांगत राहिले, आणि या बाईचं नाव लिहायचं त्यांनाही सुचलं नव्हतं आणि मलाही. मी यादी नव्याने लिहायला घेतली. या वेळी प्रत्येक घराला विचारत गेलो की रान कोण कसतं. बेचाळीस घरांत एकतीस नावं बायकांची निघाली.